भंवरकुआंची लायब्ररी, सीट नंबर ४२: एका वेंधळ्या टॅक्सवालीचा रिव्ह्यू

आधीच सांगते, लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नाही. इंदुरात भंवरकुआंला लायब्ररी म्हटलं की एक हॉल, त्यात प्लायवूडच्या पन्नास-साठ केबिनी, एसी, वायफाय, आरओचं पाणी आणि मान खाली घालून एमपीपीएससी, पटवारी, बँक, एसएससी करणारी पोरं. पुस्तक आपलं, खुर्ची त्यांची. चौकाला आता टंट्या भील यांचं नाव दिलंय, वरून ब्रिज पण झालाय, पण ऑटोवाल्याला अजून भंवरकुआंच सांगावं लागतं, आणि एकदा आतल्या गल्लीत शिरलात की वर बघत चाला, एक बिल्डिंग सोडून दुसऱ्या बिल्डिंगवर लायब्ररीचा बोर्ड. त्यातल्या एकीत मी सात महिने झाले बसतेय. वय ३९, परीक्षा कुठलीच द्यायची नाहीये. मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष हवं तिथे टिकत नाही असा लहानपणापासूनचा मेंदूचा प्रकार, आणि मी लोकांची जीएसटीची रिटर्नं भरते, तो माझा धंदा आहे.

नाव लिहीत नाही, कारण तक्रारी पण लिहिणार आहे आणि उद्या सकाळी सातला मला तिथेच जाऊन बसायचंय.

आता मी तिथे पोचले कशी हे सांगितल्याशिवाय रिव्ह्यूला काही अर्थ नाही, नाहीतर कोणी म्हणेल बाईला घरी टेबल नाही का. आहे, दोन आहेत. झालं असं की जीएसटीत ३बी म्हणून रिटर्न असतं, महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचं, त्यानंतर रोजचे ५० रुपये लेट फी, काहीच व्यवहार नसेल तर २०. क्लायंटने कागद वेळेवर दिले आणि उशीर माझ्याकडून झाला तर ती फी मी माझ्या खिशातून भरते, सांगत पण नाही, लाज वाटते. मागच्या मार्चएंडला अशीच डायरी चाळताना वर्षाची बेरीज मारली, ११,३५० रुपये. नवरा पीथमपूरला शिफ्टमध्ये असतो, त्याने बघितलं आणि म्हणाला, "अगं, पण लोक तुला पैसे लेट फी लागू नये म्हणूनच देतात ना?" तो हसला, मी पण हसले, मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

आणि घरी नेमकं काय होतं ते एकदा नीट लिहिते, कारण ज्यांना हे नाही त्यांना वाटतं आळस आहे. समजा सगळी एंट्री झाली, आकडे जुळले, आता फक्त फाइल करायचं. त्यासाठी ओटीपी जातो क्लायंटच्या मोबाईलवर. सियागंजचे एक शेठ आहेत, त्यांना फोन केला, म्हणाले ग्राहक उभा आहे, दोन मिनिटांत सांगतो. तेवढ्यात मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तिथे मिसळणाचा डबा उघडा, हळदीच्या वाटीत मोहरी सांडलेली, म्हटलं तेवढी निवडून टाकू, मग वाट्याच घासायला काढल्या, मग दिसलं जिरं संपलंय, यादी लिहायला कागद शोधला, त्या ड्रॉवरमध्ये लेकीच्या शाळेची फीची स्लिप सापडली जी मी आठवडाभर शोधून राहिले होते, तिचा फोटो काढून पाठवायला मोबाईल उचलला तर शेठचे चार मिस्ड कॉल. ओटीपी केव्हाच एक्स्पायर. शेठ दुकान नोकरावर सोडून जेवायला घरी. मग म्हटलं पाचला करते फोन. पाचला लेकीचा कथकचा क्लास. रात्री अकराला पोळ्यांची कणीक फ्रिजमध्ये ठेवताना एकदम आठवलं आणि शेठचा फोन बंद. झाले ५० रुपये.

त्या दिवशी मी एक मिनिट बसले नव्हते हो. संध्याकाळी पोटऱ्या दुखत होत्या.

शाळेत मी वेंधळी, घरी धांदरट, लग्नानंतर "हिच्या पायाला भिंगरी आहे", आणि सीए इंटर, भरतकाम, योगा टीचरचा कोर्स आणि जर्मन एवढं अर्ध्यावर सोडल्यावर आरंभशूर. मराठीत या प्रकाराला इतके तयार शब्द आहेत की डॉक्टरकडे न्यायची कोणाला गरजच वाटली नसेल. शेवटी डायरीतली ती बेरीज घेऊन मीच गेले. दोन बैठका झाल्या. डब्ल्यूएचओची १८ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, एएसआरएस म्हणतात, त्यातले पहिले सहा प्रश्न मुख्य, ती मी नेटवरून काढून घरूनच भरून नेली होती आणि मला वाटलं झालं काम. डॉक्टरबाई म्हणाल्या ही नुसती चाळणी आहे, यावर निदान होत नसतं. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन करायला लावलं, झोप विचारली, उदास वाटतं का विचारलं, कारण लक्ष न लागायला ही पण कारणं असू शकतात. मग म्हणाल्या बारा वर्षांच्या आतलं काही असेल तर आणा. डीएसएम-५ म्हणून मानसिक आजारांच्या निदानाचे जे निकष आहेत, २०१३ चे, त्यात मोठ्या माणसाला लक्ष न लागणं किंवा चंचलपणा यातल्या एका तरी गटात नऊपैकी निदान पाच लक्षणं हवीत, सहा महिने तरी टिकलेली, घर आणि काम अशी एकापेक्षा जास्त ठिकाणी, आणि सुरुवात बारा वर्षांच्या आधीची. चाळिशी आली आणि एडीएचडी झाला असं होत नाही, तो असतोच, चाळिशीत फक्त झाकणं पुरत नाहीत.

आईने रामबागच्या घरी माळ्यावरून माझी प्रगतिपुस्तकं काढली. चौथीचं, निळ्या शाईत बाईंचं अक्षर, "हुशार आहे, पण लक्ष खिडकीबाहेर असते." पाचवीत, "वही पूर्ण करत नाही." सहावीत वही हरवली म्हणून शेराच नाही. आई डॉक्टरांसमोर म्हणाली, "अहो, मला त्यात काही वेगळं वाटलंच नाही कधी, मी पण तशीच आहे." डॉक्टर हसल्या. म्हणाल्या तुमचं बरोबरच आहे, जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास निघतो. परत येताना आई ऑटोत गप्प होती आणि मग एकदम म्हणाली, "अगं, माझी छत्री तिथेच राहिली बघ."

माझा धाकटा दीर म्हणतो, "वहिनी, हे सगळं मोबाईलमुळे, अमेरिकेचं खूळ आहे." त्याला सांगितलं, लंडनला जॉर्ज स्टिल नावाच्या डॉक्टरने अशा मुलांवर व्याख्यानं दिली ती १९०२ साली, आणि माझ्या गोळीतलं औषध, मिथाइलफेनिडेट, ते पहिल्यांदा तयार झालं १९४४ मध्ये. तेव्हा घरोघरी साधा फोन पण नव्हता रे.

गोळीचं पण सांगून टाकते, कारण "गोळी घे आणि मोकळी हो" असं काही नसतं. एक तर ती मिळवणं हेच काम. शेड्यूल एक्स म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत येते, डॉक्टरची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो, दोन वर्षं जपून ठेवायची असते त्याला, त्यामुळे कोपऱ्यावरचा मेडिकलवाला ठेवतच नाही. मी चार दुकानं फिरले, एकाने तर असं वरपासून खालपर्यंत बघितलं की जणू मी नशा करायला आलेय. म्हणजे विसरायच्या आजाराचं औषध मिळवायला महिन्याला तारीख लक्षात ठेवा, चिठ्ठ्या दोन आणा, दुकान उघडं असताना जा. ज्याने हा नियम केला त्याचं चुकलं असं नाही म्हणत, या औषधाचा गैरवापर होतो म्हणूनच आहे तो, पण गंमत आहे. बीपी आणि नाडी बघूनच सुरू केली, अधूनमधून परत बघतात. सगळ्यांना हीच देतात असं पण नाही, अ‍ॅटोमॉक्सेटिन म्हणून दुसरं आहे, ते उत्तेजक नाही, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. कोणाला काय ते डॉक्टरच ठरवणार, माझं वाचून कोणी काही मागू नका.

तर गोळी. माझा अनुभव असा की गोळीने काम सुरू होत नाही, जे सुरू केलंय ते सुटत नाही. पहिल्या आठवड्यात गोळी घेतली आणि सहज मोबाईल उघडला, तर दोन तास अतिशय मन लावून साड्या बघितल्या. एकाग्रता एकदम फर्स्ट क्लास. म्हणजे सुरुवातीला कोणीतरी खुर्चीवर नेऊन बसवायला पाहिजे, पुढचं मग होतं. रसेल बार्कले म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, आयुष्यभर यावरच काम केलंय, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की या लोकांना काय करायचं ते माहीत नसतं असं नाही, माहीत असलेलं त्या क्षणी, त्या जागेवर हातून होत नाही, म्हणून मदत पण तिथेच पाहिजे, जिथे काम व्हायचंय. हे वाचलं तेव्हा मला माझी चार प्लॅनर आठवली. सगळी जानेवारीत चकाचक, फेब्रुवारी कोरा. एका अ‍ॅपचे १,४९९ भरलेत, ते अ‍ॅप उघडायची आठवण करून द्यायला दुसरा अलार्म लावला होता. त्यातल्या त्यात लाल चकती कमी होत जाणारं टायमर तेवढं टिकलं, कारण उरलेला वेळ डोळ्याला दिसतो. माझ्याकडे वेळ दोनच प्रकारचा, "आत्ता" आणि "आत्ता नाही", आणि २० तारीख ही १९ च्या रात्रीपर्यंत "आत्ता नाही" मध्येच असते.

मागच्या ऑगस्टमध्ये भाचा आठवडाभर भोपाळला गेला. जाताना म्हणाला, "मावशी, माझ्या सीटचे पैसे भरलेत, रिकामी राहील, तू बस ना." मी म्हटलं, अरे, मी काय करू तिथे पोरांत. तरी गेले, कारण तारीख १८ होती आणि अकरा रिटर्नं बाकी होती.

दुसरा मजला, चपला बाहेर, बोटाचा ठसा (भाच्याचा ठसा माझ्याकडे कुठून असणार, ओनरला फोन लावून आत घेतलं). आत शिरलं की पहिलं जाणवतं ते म्हणजे आवाज नाही असं नाही, आवाज आहे पण सगळा एकाच जातीचा. पानं उलटायचा, हायलायटरची टोपी लागायचा, एसीचा. केबिन म्हणजे तीन बाजूंनी प्लाय, वर एक ट्यूब, एक प्लग, एक छोटा फळा. प्लायवर आधी बसून गेलेल्यांनी पेन्सिलीने लिहिलेलं, "पटवारी २०२३", त्याखाली दुसऱ्या अक्षरात "हुआ क्या भिया?", त्याखाली कोणीच उत्तर दिलेलं नाही. मी लॅपटॉप लावला, पहिलं रिटर्न काढलं, ओटीपी मागितला, शेठ नेहमीप्रमाणे म्हणाले दोन मिनिटं. आणि आता करायला काही नव्हतंच. उठून जाऊ कुठे? उठले तर खुर्ची सरकल्याचा आवाज, चाळीस पोरं मान वर करणार. मिसळणाचा डबा नाही, फ्रिज नाही, बेल वाजत नाही. मी हाताची घडी घालून "हुआ क्या भिया?" वाचत बसले. ओटीपी आला, टाकला, झालं. सव्वादोन तासांत सात रिटर्नं. खाली उतरून मी नवऱ्याला फोन केला तर त्याला वाटलं स्कूटी ठोकली.

याला बॉडी डबलिंग म्हणतात हे नंतर कळलं. म्हणजे दुसरं माणूस नुसतं बाजूला असतं, आपल्या कामात मदत करत नाही, बोलत पण नाही, तरी आपलं काम होतं. एडीएचडीवाल्यांचं कोचिंग करणाऱ्या लोकांकडून ही गोष्ट पसरली, औषधासारखा किंवा सीबीटीसारखा (विचार आणि सवयी बदलायची, बोलून करायची थेरपी) तिला अभ्यासांचा भक्कम आधार अजून नाही, तेव्हा मी कोणाला पैजेवर सांगणार नाही. पण दुसऱ्यांच्या नुसत्या असण्याने फरक पडतो ही गोष्ट जुनी आहे. नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये सायकलवाल्यांवर लिहिलंय, एकट्याने घड्याळाशी स्पर्धा करणाऱ्यापेक्षा बरोबर कोणी असलं की लोक जास्त जोरात पळतात. पुढे १९६५ मध्ये रॉबर्ट झायन्स या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने त्यात एक पाचर मारली, की बघणारं माणूस असलं तर हातात बसलेलं काम सुधारतं, नवीन किंवा अवघड काम उलट बिघडतं. आणि हे मला शंभर टक्के पटतं. ३बी, बँक रिकन्सिलिएशन, बिलांची एंट्री, म्हणजे हाताला माहीत असलेलं पण जीवावर येणारं, ते सगळं ४२ नंबरवर धडाधड होतं. पण एका क्लायंटच्या नोटिशीला उत्तर लिहायचं होतं, पहिल्यांदाच, कलमं शोधायची, विचार करायचा, ते तिथे तीन दिवस बसून एक परिच्छेद झाला नाही. मला विचार करताना फिरावं लागतं, पुटपुटावं लागतं. ते शेवटी घरी गच्चीवर चकरा मारत मोबाईलवर बोलून रेकॉर्ड केलं आणि मग टाइप केलं. तर ज्यांचं काम सगळंच नवीन विचाराचं आहे त्यांनी एक आठवडा बसून बघावं, एकदम तीन महिन्यांचे पैसे भरू नयेत.

सप्टेंबरपासून मी माझी सीट घेतली. सकाळची शिफ्ट, सात ते दोन, रिझर्व्ह, महिना १,०००. लॉकर १०० वेगळे. डिपॉझिट ३००. लॉकर घ्याच, हे मी हात जोडून सांगते. पहिल्या महिन्यात घेतलं नव्हतं तर चार्जर विसरला, मग डोंगल विसरलं, मग एकदा लॅपटॉपच विसरला, भंवरकुआंपर्यंत रिकामी बॅग घेऊन गेले. आता एक चार्जर, एक टायमर, कानातले बोळे, पेन, सगळं तिथेच कुलपात. चाबी दोन, एक माझ्याकडे, एक काउंटरवरच्या मुलाकडे, त्याने आतापर्यंत नऊ वेळा उघडून दिलंय आणि एकदाही हसला नाही, देव त्याचं भलं करो.

शेजारच्या ४१ वर एक मुलगी बसते, मेन्सची तयारी करतेय. सात महिन्यांत आम्ही दहा वाक्यं बोललो नसू. तिची पद्धत अशी की सकाळी आल्यावर फळ्यावर तीनच कामं लिहिते आणि झालं की पुसते, टिकमार्क वगैरे नाही, सरळ पुसून टाकते. मी तिचं बघून तेच करायला लागले. आधी माझ्या याद्या तीस-तीस कामांच्या असायच्या, बघूनच झोप यायची. नोव्हेंबरमध्ये एक दिवस मी एका क्लायंटच्या स्टॉकच्या हिशोबात अशी घुसले की टायमर संपून थरथरून राहिलाय ते कळलंच नाही. ही याची दुसरी बाजू आहे, लक्ष लागत नाही असं नाही, ते हलवता येत नाही, लागलं की भूक, तहान, पोर काही आठवत नाही. लेकीची बस एक चाळीसला स्टॉपवर येते, सासूबाई गावाला गेलेल्या. तर प्लायच्या वरून एक चिठ्ठी माझ्या कीबोर्डवर पडली, पिवळ्या हायलायटरने, "दीदी, १:१५ हो गए." तिला कसं कळलं की मी रोज सव्वाला उठते? रोज शेजारी बसून कळतं. बसच्या आधी दोन मिनिटं पोचले. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलवर तिळाच्या दोन वड्या ठेवल्या, तिने थँक्यू लिहून डबी परत केली. बस, एवढंच. ना मला तिचं गाव माहीत, ना तिला माझं नाव.

आता तक्रारी. लेडीज वॉशरूम एकच, आणि त्याची कडी दोन महिने तुटलेली होती, आम्ही मुली आळीपाळीने बाहेर पहाऱ्याला उभ्या राहायचो. एसी १८ वर, कोणी २४ करतं, कोणी परत १८, जानेवारीत पण हे चालू, शाल न्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कंपल्सरी आहे, त्यावर सकाळी पाच वाजता ओनरभिया "उठो, सपने सोने वालों के पूरे नहीं होते" टाकतात, मी म्यूट केलाय आणि त्यामुळे लायब्ररी बंद असल्याचा मेसेज दोनदा चुकला, दोनदा चपला काढून कुलपाशी उभी. ओनर मला आधी आंटी म्हणायचे, आता मॅडम म्हणतात, ते ठीक आहे.

पण सगळ्यात मोठी तक्रार डिसेंबरची. कुठल्यातरी परीक्षेची तारीख जाहीर झाली, गर्दी वाढली आणि न विचारता माझी सीट बदलून दाराशेजारची ७ नंबर दिली. रिझर्व्हचे पैसे घेतलेले असताना. ओनरचं म्हणणं, "मैडम, सीट तो सीट है." नाही हो, सीट म्हणजे सीट नाही. दार उघडलं की माझी मान फिरणार, हे मी ठरवून करत नाही, जिन्यावर चपलेचा आवाज आला की कोण आहे ते बघितल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही, आणि बघून परत आकड्यावर यायला पाच मिनिटं. अकरा दिवस त्या सीटवर होते आणि त्या महिन्यात पाच दिवस उशीर झाला एका रिटर्नला. २५० रुपये. सात महिन्यांतली एकुलती एक लेट फी, ती पण ७ नंबरची. शेवटी मी ओनरला डायरी नेऊन दाखवली, डॉक्टरचं काही सांगितलं नाही, म्हटलं मला भिंतीकडची सीट नसेल तर डिपॉझिट द्या. दुसऱ्या दिवशी ४२ परत मिळाली. डिपॉझिट द्यायचा त्यांना जास्त त्रास होत असावा.

मधल्या सुट्टीचं पण सांभाळून. खाली उसळ-पोहे मिळतात, वरून शेव आणि जीरावण, सकाळी नऊला तो वास जिन्यावरून वर येतो आणि अख्खा हॉल अस्वस्थ होतो. पहिल्या महिन्यात माझी पंधरा मिनिटांची सुट्टी पन्नास मिनिटांची व्हायची, चहावाल्याशी गप्पा, मग क्लायंटचा फोन, मग समोर झेरॉक्सवाल्याकडे काहीतरी आठवायचं. आता टायमर घेऊनच खाली जाते, लोक बघतात, बघू देत. क्लायंटचे फोन जिन्यातच घ्यावे लागतात, तिथे उभं राहून कोणाची बॅलन्सशीट समजावणं कठीण, म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, फोन तीननंतर, अर्जंट असेल तर मेसेज. सियागंजच्या शेठना पटायला दोन महिने लागले. आता ते स्वतःच २० च्या आधी विचारतात, "ओटीपी कब भेजना है?"

वायफाय बरं आहे. पाणी ठीक. पार्किंगचं विचारू नका.

दुपारनंतर जाऊ नका असं मी माझ्यापुरतं म्हणेन. माझ्या गोळीचा जोर दुपारी उतरतो आणि हॉल पण तेव्हा पेंगतो, अर्धी पोरं टेबलावर डोकं ठेवून झोपलेली असतात, आणि शेजारचं माणूस काम करतंय म्हणून आपण करतो तसंच शेजारचं झोपलंय म्हणून आपण पण झोपतो, हे मी करून बघितलंय, चांगली दीड तास.

ज्यांना भंवरकुआं लांब पडतं किंवा घरून निघताच येत नाही त्यांच्यासाठी व्हिडिओ कॉलवरचं बॉडी डबलिंग पण असतं, दोघांनी कॅमेरा चालू ठेवून आपापलं काम करायचं. माझी एक मैत्रीण बडोद्याला असते, तिच्याबरोबर करून बघितलं. आम्ही दोघींनी चाळीस मिनिटं तिच्या नणंदेबद्दल बोलून कॉल ठेवला. ओळखीचं माणूस नको यात, हे माझं ठाम मत झालंय.

आता पैशाचा हिशोब, सवय आहे म्हणून. सात महिने, ७,००० फी, ७०० लॉकर, डिपॉझिट खर्चात धरत नाही (परत मिळेल अशी आशा पण धरत नाही). अधिक ती २५० लेट फी. एकूण ७,९५०. मागच्या वर्षीच्या दराने सात महिन्यांची लेट फी झाली असती साधारण ६,६२०. म्हणजे कागदावर १,३३० रुपये तोटा. नवऱ्याने हे बघितलं आणि या वेळी हसला नाही. म्हणाला, "१९ तारखेच्या रात्री तू जेवतेस आता." ते डायरीत कुठल्या खात्यात टाकायचं मला कळलं नाही. मागच्या महिन्यात १९ तारखेला आम्ही तिघं सराफ्यात गेलो, रात्री तिथे खाण्याची दुकानं लागतात, रात्री अकराला, लेकीने भुट्ट्याचा कीस खाल्ला, मी तिला दोन वेळा हरवता हरवता वाचवलं, तेवढं तर होणारच.

सात महिन्यांत रोज गेले का? नाही. आठवड्यात चार दिवस नक्की, पाचवा कधीकधी. दोन आठवडे तर गेलेच नाही, तोंड चुकवून राहिले होते, पैसे भरलेले असून. अशा वेळी आधी मी महिनाभर स्वतःला शिव्या द्यायचे आणि मग ती गोष्टच सोडून द्यायचे, योगाचं आणि जर्मनचं तेच झालं. या वेळी फक्त काउंटरवरच्या मुलाला मेसेज केला, "उद्या येतेय, लॉकर उघडून ठेव", आणि त्याने अंगठा पाठवला. मग जावं लागलं.

मार्क द्यायचे तर पाचातले चार. एक मार्क कडीचा आणि ७ नंबरचा कापला. पुढच्या महिन्यापासून फी शंभराने वाढतेय म्हणे, जायचं असेल तर त्याआधी जा, पैसे महिन्याचेच भरा, आणि भिंतीकडची सीट मागा, दारापासून जितकी लांब मिळेल तितकी. ४२ सोडून.